एकाच दिवशी तीच तपासणी दोनदा: खान्देशातल्या रुग्णालयांना आणि लॅबचालकांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खासगी रुग्णालयांचे डॉक्टर, पॅथॉलॉजी लॅबचे चालक आणि बिलिंग काउंटरवर बसणारे सर्व सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातला. गेली नऊ वर्षं पुण्यात मेडिकल कोडिंगची नोकरी करतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांची लॅबची बिलं आमच्याकडे येतात. कोणती तपासणी झाली, किती वेळा झाली, कशासाठी झाली, हे कागदपत्रांत बघून आम्ही प्रत्येक ओळीला कोड लावतो. बाराशे-पंधराशे ओळी डोळ्यांखालून गेल्या की आमची रात्र संपते. या कामात सगळ्यात जास्त वेळ खातो तो एकच प्रश्न: तीच तपासणी त्याच दिवशी पुन्हा झाली असेल, तर तिचे पैसे घ्यायचे की नाही?

हाच प्रश्न गेल्या मे महिन्यात माझ्या वडिलांच्या बिलावर माझ्यासमोर आला, म्हणून हे पत्र.

नानांना मधुमेह आहे. लघवीच्या संसर्गाचं निमित्त झालं, साखर पाचशेच्या वर गेली, श्वास जोरात चालू लागला. जळगावच्या एका खासगी रुग्णालयात रात्री अकराला दाखल केलं. डॉक्टरांनी डीकेए, म्हणजे साखर हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साचणं, असं सांगितलं आणि लगेच इन्सुलिनची ड्रिप सुरू केली. उपचारांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरांनी आणि दोन सिस्टरांनी नानांना वाचवलं, हे आधी लिहितो आणि मनापासून लिहितो.

नानांच्या दोन्ही हातांवर सुयांच्या खुणा होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा शुद्धीवर आल्यावर ते मला म्हणाले, "ह्या लोके कितला डाव रगत काढतस रे?" मी त्यांना समजावलं. इन्सुलिन दिलं की साखरेबरोबर रक्तातलं पोटॅशियमही पेशींच्या आत शिरतं. ते फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून साखर दर तासाला आणि पोटॅशियम दर दोन-चार तासांनी बघावंच लागतं. त्या आकड्यांवर ड्रिपचा वेग ठरतो. प्रत्येक वेळी काढलेलं रक्त नवं उत्तर देतं, आणि त्या उत्तरावर पुढचे दोन तास अवलंबून असतात. नानांना पटलं. हात पुढे करताना ते पुन्हा कुरकुरले नाहीत.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि बिल हातात आलं. लॅबच्या भागात 'सीरम इलेक्ट्रोलाइट्स' अशी ओळ अकरा वेळा होती. सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र बघण्याची ती तपासणी. समोर तारीख आणि पाचशे रुपये. वेळ कुठेच नव्हती. एकट्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पाच ओळी, एकाखाली एक, हुबेहूब सारख्या. एचबीएवनसी ही साखरेचीच दुसरी तपासणी दोन वेळा, साडेपाचशे प्रमाणे. माझ्या बाजूला उभे असलेले, पारोळ्याकडचे एक गृहस्थ त्यांच्या पत्नीचं बिल घेऊन तेच बघत होते. "एकच टेस्ट चार-चार वेळा लावून देतात भाऊ," असं ते म्हणाले. त्यांच्या पत्नीच्या त्या चारही तपासण्या गरजेच्या असतील. पण समोरचा कागद त्यांना ते सांगत नव्हता.

मी केसपेपरच्या प्रती मागितल्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. मला दोन दिवसांत मिळाली, त्याबद्दल आभार. घरी ओट्यावर बसून मी नर्सिंग चार्ट, रिपोर्ट आणि बिल शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलने ओळ अन् ओळ जुळवली, जशी रोज दुसऱ्यांची जुळवतो.

अकरापैकी नऊ ओळी चोख होत्या. वेळ वेगळी, निकाल वेगळा, आणि प्रत्येक निकालानंतर चार्टवर डॉक्टरांनी काही ना काही बदललेलं. दहाव्या ओळीचा रिपोर्टच नव्हता. चार्टवर सिस्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सॅम्पल हिमोलाइज्ड, लॅबने नवा नमुना पाठवण्यास सांगितले.' म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त असतं. पेशी फुटल्या की ते द्रवात उतरतं आणि आकडा खोटा चढतो. म्हणून लॅबने तो नमुना नाकारला, आणि ते अगदी बरोबर केलं. पण त्या नाकारलेल्या नमुन्याचेही पाचशे रुपये बिलात पडले. अकरावी ओळ सकाळी सहा दहाची. पोटॅशियम ६.८ आलं, ईसीजी मात्र नीट होता. डॉक्टरांना आकडा पटला नाही, त्यांनी लगेच दुसरं रक्त पाठवलं. सहा पन्नासला उत्तर आलं ४.६. पहिला आकडा चुकीचा होता हे ओळखणारे डॉक्टर हुशार म्हणायचे. पण पहिल्याचेही पैसे आणि दुसऱ्याचेही पैसे, हे कसं?

एचबीएवनसीचं तर सोपं आहे. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. चार दिवसांत ती दोनदा करून नवं काही कळत नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी एकदा लिहिली, सकाळी फिजिशियननी राउंडला पुन्हा लिहिली, आणि आदली झालेली आहे हे कोणी बघितलं नाही. एवढीच गोष्ट.

तिन्ही मिळून पंधराशे पन्नास रुपये. आमच्याकडच्या शेतमजुराच्या घरात तेवढ्यावर चार-पाच दिवस चूल पेटते.

मी काउंटरवर गेलो. तिथला मुलगा सभ्य होता. "सर, सिस्टीममधून आलंय," म्हणाला. मग मॅनेजर आले, त्यांनी बिल पाहिलं आणि दोन हजार रुपये डिस्काउंट दिला. मी जे मागत होतो त्यापेक्षा जास्तच मिळालं, तरी मी अस्वस्थ होऊन बाहेर पडलो. मला सवलत नको होती. त्या तीन ओळी चुकीच्या आहेत असं कोणीतरी मान्य करून त्या खोडायला हव्या होत्या. डिस्काउंट भांडायला येणाऱ्याला मिळतो. पारोळ्याचे ते गृहस्थ भांडले नाहीत.

आता मी रोज ज्या नियमात काम करतो तो सांगतो. अमेरिकेत प्रत्येक तपासणीला पाच आकडी कोड असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून ही यादी चालवते. रक्तातल्या पोटॅशियमचा कोड ८४१३२. एकाच दिवशी तोच कोड दोनदा पाठवला तर दुसरा 'डुप्लिकेट' म्हणून परत येतो. तो खरोखर वेगळा असेल, तर त्याच्या मागे ९१ ही दोन आकडी खूण लावायची. तिला मॉडिफायर म्हणतात. ९१ चा अर्थ असा: उपचारासाठी त्याच दिवशी त्याच तपासणीचा नवा निकाल लागत होता, म्हणून ती मुद्दाम पुन्हा केली. नानांच्या दर दोन-चार तासांच्या पोटॅशियमला ती खूण बिनदिक्कत लागली असती. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी तपासणी) काही तासांच्या अंतराने पुन्हा बघतात, तिथेही लागते.

आणि ती कुठे लावायची नाही, हेही तितकंच स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिला निकाल खात्रीसाठी पुन्हा तपासला असेल तर नाही. नमुन्यात किंवा मशीनमध्ये गडबड झाली म्हणून पुन्हा करावं लागलं असेल तर नाही. एकच निकाल पुरेसा होता अशा कुठल्याही कारणासाठी नाही. ज्या तपासणीच्या कोडमध्येच अनेक नमुने धरलेले आहेत, तिथेही नाही. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टचे तीन वेळचे तीन नमुने म्हणजे एकच कोड आणि एकच रक्कम. लॅबचा दर ठरवतानाच त्यात एक भरवशाचा निकाल देण्याचा खर्च धरलेला असतो. तो निकाल मिळवायला लॅबला दोनदा मशीन चालवावं लागलं, तर तो लॅबच्या कामाचा भाग. त्यावर आणखी एक पहारा आहे. एका रुग्णाला एका दिवसात अमुक तपासणी किती वेळा होणं संभवतं, याच्या मर्यादा २००७ पासून तिथल्या सरकारी विम्याच्या संगणकात बसवलेल्या आहेत. त्यापलीकडे गेलं की कागदपत्रं दाखवावी लागतात. आणि कागदपत्रांत काय बघतात? डॉक्टरांनी लिहिलेली मागणी, रक्त काढल्याची वेळ आणि प्रत्येक वेळचा वेगळा निकाल. हे तिन्ही नसेल तर माझी ओळ पडते. 'सिस्टीममधून आलंय' असं मी लिहू शकत नाही.

अमेरिकेतली बिलं आदर्श आहेत असं माझं म्हणणं नाही. तिथली माणसं बिलांपायी कर्जात बुडतात, हे मी रोज बघतो. त्यांचा दर आपल्याला नको, त्यांची गुंतागुंत नको. पण 'नवं उत्तर मिळवण्यासाठी पुन्हा' आणि 'आधीचं उत्तर बिघडलं म्हणून पुन्हा' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीचे पैसे रुग्णाने द्यायचे नाहीत, एवढी एक रेघ आपण का ओढू शकत नाही? ती ओढायला कोड लागत नाहीत.

लॅबमध्ये जे आहेत त्यांना ही रेघ आधीपासून माहीत आहे. डेंग्यूच्या दिवसांत मशीनवर प्लेटलेट वीस हजार दिसल्या की चांगला पॅथॉलॉजिस्ट स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीए या, रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे कधी कधी प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन कमी मोजतं. मग निळ्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन पुन्हा मोजतात. ती खात्री झाली. तिला दुसरा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नवी मोजणी, धरायचं नाही. पण त्याच रुग्णाच्या प्लेटलेट दुसऱ्या दिवशी सकाळी बघणं ही नवी तपासणी आहे, तिचे पैसे घ्या, कोणी नाही म्हणणार नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीतही हा घोळ होतो, आणि तिथे पैशांपेक्षा विश्वास जास्त जातो. आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिली चाळण लावते, दुसरी सांगते की मूल वाहक आहे की आजारी. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पालकांना 'पुन्हा टेस्ट करावी लागेल' एवढंच सांगितलं, तर त्यांना वाटतं पहिली चुकली. शब्द नीट वापरायला काही खर्च येत नाही. 'आता दुसरी, पक्की तपासणी' असं म्हणा.

कलेक्शन सेंटरबद्दलही लिहायला हवं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो. चोपडा, शहादा, साक्रीला सकाळी घेतलेले नमुने मोटारसायकलच्या डिकीतून किंवा एसटीच्या पार्सलने दुपारी मोठ्या लॅबमध्ये पोचतात. साध्या ट्यूबमधल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या खोलीच्या तापमानाला तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते, उन्हात त्याहून जास्त. मग रिपोर्टवर साखर कमी दिसते, डॉक्टर म्हणतात 'जुळत नाही, पुन्हा करा'. करड्या झाकणाची फ्लोराइडची ट्यूब वापरली, सेंटरवरच सीरम वेगळं केलं, आइसपॅकचा डबा दिला, तर यातल्या बऱ्याच 'पुन्हा' टळतील. आणि तरी वेळ आलीच, तर तपासणीचे पैसे घेऊ नका. रुग्णाचा एसटीचा खर्च आणि बुडालेला रोज तर तसाही गेलेलाच असतो.

मला रुग्णालयांतल्या लोकांवर लबाडीचा आरोप करायचा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे नानांच्या तिन्ही ओळी कोणी जाणूनबुजून टाकल्या नाहीत. चूक कुठे होते ते मला काउंटरमागच्या स्क्रीनवर दिसलं: बिल इंडेंटवर, म्हणजे तपासणीच्या मागणीवर पडतं, रिपोर्टवर पडत नाही. सिस्टरनी तपासणीची मागणी टाकली की पैसे लागले. नमुना नाकारला गेला की सिस्टर नवी मागणी टाकतात, कारण त्यांना तेवढंच बटण दिलेलं असतं. पुन्हा पैसे लागले. पहिली मागणी रद्द करणं कोणाच्याच कामात बसत नाही. सिस्टर बारा रुग्ण सांभाळत असते, लॅबचा मुलगा रिजेक्शनच्या वहीत नोंद करून मोकळा होतो, आणि बिलिंगवाल्यापर्यंत ती वही कधी पोचतच नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. पैसे रिपोर्ट मंजूर झाल्यावर लागावेत, मागणी टाकल्यावर नकोत. सॉफ्टवेअर देणाऱ्याला एक फोन करून ही मांडणी बदलता येते का ते विचारा. बदलत नसेल तर रिजेक्शनची वही रोज संध्याकाळी बिलिंगला दाखवायचा रिवाज पाडा, त्याला दहा मिनिटं पुरतात. बिलावर प्रत्येक तपासणीपुढे तारखेबरोबर रक्त काढल्याची वेळ छापा. ती बारकोडमुळे तुमच्याकडे असतेच, फक्त छापली जात नाही. चोवीस तासांत तीच तपासणी पुन्हा आली असेल तर चार शब्दांत कारण लिहा: 'ड्रिप चालू, चार तासांनी' किंवा 'नमुना खराब, शुल्क नाही'. ही दुसरी ओळ शून्य रुपयांची का होईना, पण बिलावर दिसू द्या. ती दिसली की मधे आणखी एकदा रक्त का काढलं हे रुग्णाला कळेल. पूर्ण पॅनेलपैकी फक्त पोटॅशियम हवं असेल, तर पोटॅशियमचेच पैसे लावा. मशीन सोडियम आणि क्लोराइडही त्याच दमात देतं, हे मला मान्य आहे. पण डॉक्टरांनी जे मागितलं त्याचेच पैसे घ्यावेत. आणि एचबीएवनसी, थायरॉइड, लिपिड अशा ज्या तपासण्या आठवड्यात बदलत नाहीत, त्या दुसऱ्यांदा मागवल्या की स्क्रीनवर 'ही अमुक तारखेला झाली आहे' अशी सूचना येऊ द्या. बाहेरच्या लॅबशी तुमचा करार असेल आणि ती लॅब प्रत्येक ट्यूबचे पैसे लावत असेल, तर खराब नमुन्याचा खर्च कोणी सोसायचा हे तुम्ही दोघांनी आपसांत ठरवा. रुग्ण त्या करारात कुठेच नाही.

कायद्याचा आधारही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तीत दरांची पारदर्शकता हा रुग्णाचा हक्क सांगितला आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ ला सुधारणा झाली आणि दरपत्रक व रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते लावलेलं आहे, मी पाहिलं आहे. पण भिंतीवर 'इलेक्ट्रोलाइट्स ५०० रुपये' लिहून काम अर्धंच होतं. ते पाचशे केव्हा लागतील आणि केव्हा लागणार नाहीत, हे तिथे कुठेच नसतं. त्या फलकाखाली एक ओळ वाढवा: 'नमुना खराब झाल्यास पुनर्तपासणीचे शुल्क आकारले जाणार नाही.' एवढी एक ओळ असती तर मला मॅनेजरपर्यंत जावं लागलं नसतं.

ज्यांचा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतो, त्यांना हा त्रास सहसा नाही, कारण तिथे तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. २०१२ मध्ये ती योजना जुन्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळं होतं. त्या पॅकेजमध्ये नमुना खराब झाला तर रुग्णालय मुकाट्याने पुन्हा करतं. मग रोख भरणाऱ्या रुग्णाला वेगळा न्याय का? आणि विम्यावाल्यांच्या बाबतीत तर तुमचाच फायदा आहे. टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने बिलं तपासणारी संस्था, बिल बघताना पुन्हापुन्हा आलेल्या तपासण्या 'कारण नमूद नाही' म्हणून कापते, आणि ती कापलेली रक्कम शेवटी डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांच्या गळ्यात पडते. वेळ आणि कारण छापलेलं असेल तर टीपीएला कापायला जागा उरत नाही. नानांच्या नऊ खऱ्या ओळींसाठी मी स्वतः टीपीएशी वाद घातला असता.

नाना आता बरे आहेत. सकाळी मळ्यात चक्कर मारतात, दर तीन महिन्यांनी अमळनेरला रक्त देऊन येतात, आणि पावती आणली की आधी माझ्याकडे फोटो पाठवतात. परवा पाठवलेल्या पावतीवर रक्त काढल्याची वेळ छापलेली होती. छोटीशी लॅब आहे, दोन माणसं चालवतात.

मी दिवाळीत दहा दिवस गावी आहे. आपल्यापैकी ज्या कोणाला आपल्या बिलाची मांडणी बदलायची असेल, त्यांच्या बिलिंगच्या मुलांबरोबर मी एक दिवस बसायला तयार आहे, जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार. मागच्या महिन्याची पन्नास बिलं, रिजेक्शनची वही आणि एक पेन्सिल तेवढी तयार ठेवा. मी काही घेणार नाही.

आपला,
अमळनेर तालुक्यातला एक कोडर